दहा लाखांत एक मँगनीज

१९९७ साली अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठातल्या मोहंती, जरीवाला आणि वेब या तिघांनी सोन्याच्या अतिसूक्ष्म तारांवर केलेली मोजमापे प्रसिद्ध केली आणि त्यांतून निघालेल्या प्रश्नावर पुढची कित्येक वर्षे भौतिकशास्त्रज्ञांत हमरीतुमरी चालली. तापमान निरपेक्ष शून्याकडे नेत गेले, तर धातूतील इलेक्ट्रॉनचे तरंगरूप अधिकाधिक काळ अबाधित राहते, की एका मर्यादेनंतर निसर्गच त्याला आडकाठी करतो, असा तो प्रश्न होता. मेरीलँडच्या आलेखांत हा काळ वाढत वाढत जाऊन एका पातळीला सपाट झालेला दिसत होता. गोलुबेव आणि झायकिन या सिद्धांतकारांनी त्याला पूरक गणित मांडले, तर अलाइनर, आल्टशुलर आणि गेर्शेन्सन यांनी ते साफ चुकीचे ठरवले. इतक्या मूलभूत वादाचा निकाल अखेर लागला तो चांदी किती शुद्ध आहे यावरून, आणि म्हणूनच चुंबकीय अशुद्धीविषयी, म्हणजे धातूत मिसळलेल्या परक्या चुंबकीय अणूंविषयी, लिहायचे तर मला हेच प्रकरण आधी सांगावेसे वाटते.

मोजले काय जात होते, ते आधी पाहू. इलेक्ट्रॉन तरंगासारखा वागतो म्हटले की त्याला कला आली, म्हणजे तरंगाच्या चढउताराच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर तो आहे हे सांगणारी राशी आली. तारेतून जाताना इलेक्ट्रॉन सरळ रेषेत जात नाही. स्फटिकातील दोषांवर, कणांच्या सीमांवर, परक्या अणूंवर आपटत तो भटकतो आणि भटकता भटकता कधी कधी निघाल्या जागी परत येतो. अशी बंद वाट उजवीकडून चालता येते तशी डावीकडूनही चालता येते, आणि पुंजयांत्रिकीच्या नियमांप्रमाणे दोन्ही शक्यता एकदमच हिशेबात धराव्या लागतात. देवळाची प्रदक्षिणा कोणत्याही बाजूने घातली तरी वाट तेवढीच भरते. त्याच न्यायाने दोन्ही फेऱ्यांचे तरंग सारखीच कला घेऊन परततात आणि एकमेकांत मिळून बळावतात. परिणामी इलेक्ट्रॉन मूळ जागी सापडण्याची शक्यता किंचित वाढते, आणि तारेचा रोधही किंचित वाढतो. बाहेरून हलकेसे चुंबकीय क्षेत्र लावले की दोन दिशांमधली ही समानता मोडते आणि ती वाढ नाहीशी होते. ती किती क्षेत्राला नाहीशी होते यावरून कला किती काळ टिकली, याचा हिशेब करता येतो.

हे आकडे मोठे विलक्षण आहेत. उत्तम शुद्धतेच्या चांदीत ४० मिलिकेल्विनला हा काळ सुमारे २० नॅनोसेकंदांपर्यंत जातो. चांदीतील इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे १४ लाख मीटर असल्यामुळे तेवढ्या अवधीत त्याची एकूण चाल भरते जवळजवळ पावणेतीन सेंटिमीटर, पण या नागमोडी भटकंतीत तो निघाल्या जागेपासून पोचतो मात्र जेमतेम २० मायक्रोमीटरवर. वाटेत त्याच्या काही लाख टकरा झालेल्या असतात आणि तरीही कलेची स्मृती शाबूत असते.

ती शाबूत राहते, कारण यांतला बहुतेक प्रत्येक अडथळा निश्चल असतो. चांदीत तांब्याचा किंवा सोन्याचा एखादा अणू शिरला, तर त्याच्यावर आपटून इलेक्ट्रॉनची दिशा बदलते. मात्र त्या अणूची स्थिती आधी होती तशीच राहते, आणि कलेत पडलेला फरक उजव्या व डाव्या अशा दोन्ही फेऱ्यांना सारखाच लागू होतो. मँगनीज, लोखंड, क्रोमियम यांच्या अणूंचे तसे नाही. त्यांच्या डी कवचात जोडीदार नसलेले इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे असा अणू हा एक इवलासा लोहचुंबकच असतो आणि त्याचे स्पिन, म्हणजे या चुंबकाची वर किंवा खाली रोखलेली दिशा ठरवणारा गुणधर्म, उलटूही शकते. जवळून जाणारा इलेक्ट्रॉन त्याच्याशी स्पिनची देवाणघेवाण करतो: इलेक्ट्रॉनचे वरचे खाली होते, अणूचे खालचे वर. त्यात ऊर्जा कणभरही खर्ची पडली नाही, तरी इलेक्ट्रॉन येऊन गेल्याची खूण त्या अणूवर उमटलेली असते, आणि अशी खूण कुठेही उमटली की दोन फेऱ्यांचे तरंग एकमेकांत मिळेनासे होतात.

या देवाणघेवाणीचा माग मात्र फार जुना आहे. नेदरलँड्समधील लायडन येथे १९३४ साली द हास, द बुर आणि व्हान डेन बेर्ख यांना असे आढळले, की सोने थंड करत नेले तर त्याचा रोध काही केल्विनपर्यंत कमी होतो आणि त्यापुढे थंड केल्यास चक्क वाढू लागतो. धातू जितका गार तितका रोध कमी, या सर्वमान्य समजुतीला हा छेद होता आणि तीस वर्षे त्याचा उलगडा कोणालाच झाला नाही. १९६४ साली जपानमध्ये जुन कोंडो यांनी चुंबकीय अणूवरील टकरींचे गणित नेहमीपेक्षा एक पायरी पुढे नेले, तेव्हा त्यांना तापमान उतरेल तसे त्याच्या लॉगॅरिदमच्या प्रमाणात वाढत जाणारे एक पद सापडले. एकाच अणूवर लागोपाठ घडणाऱ्या दोन घटनांची अदलाबदल केली तर उत्तर बदलते, कारण मधल्या काळात अणूचे स्पिन उलटलेले असू शकते. निश्चल अणूच्या बाबतीत ही पदे एकमेकांना छेदून जातात, इथे ती उरतात. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेत मिरियम साराचिक आणि सहकाऱ्यांनी मॉलिब्डेनम-नायोबियमच्या मिश्रधातूंत थोडे लोखंड घालून दाखवून दिले, की ज्या मिश्रणात लोखंडाचे चुंबकत्व टिकते त्यातच रोध पुन्हा वाढतो. सिद्धांत आणि प्रयोग इतके चपखल जुळल्याची उदाहरणे थोडी असतील.

कोंडो यांच्या सूत्रात तापमान शून्याकडे नेले तर उत्तर अनंत होते, आणि ही अडचण केनेथ विल्सन यांनी १९७५ च्या सुमारास संगणकाच्या साह्याने सोडवली. त्यांचे उत्तर थोडक्यात असे: प्रत्येक धातू आणि अशुद्धी यांच्या जोडीला एक ठरावीक तापमान असते, आज आपण त्याला कोंडो तापमान म्हणतो, त्याच्या बरेच खाली गेले की भोवतालचे इलेक्ट्रॉन मिळून त्या अणूच्या स्पिनला वेढून निष्प्रभ करतात आणि तो अणू पुन्हा निश्चल अडथळा होऊन बसतो. हे तापमान जोडीनुसार प्रचंड बदलते. तांब्यात लोखंड असेल तर ते सुमारे ३० केल्विन असते, सोन्यात लोखंड असेल तर केल्विनच्या आसपास, आणि चांदीत मँगनीज असेल तर केल्विनचा जेमतेम पंचविसावा भाग.

आता पुन्हा तारांकडे येऊ. मिशिगन स्टेट विद्यापीठातील नॉर्मन बर्ज यांचा गट आणि फ्रान्समधील साक्ले येथील पोतिए, एस्तेव्ह व देव्होरे यांचा गट (यांतील मिशेल देव्होरे यांना २०२५ साली वेगळ्या कामासाठी नोबेल मिळाले) यांनी चांदीच्या तारा दोन प्रतींच्या धातूपासून केल्या: एक ९९.९९९ टक्के शुद्ध, दुसरी ९९.९९९९ टक्के. सराफकट्ट्यावर आपण ज्याला शंभर नंबरी म्हणतो त्या ९९.९ टक्के सोन्यात दहा लाखांमागे हजारभर भाग परके असतात, हे लक्षात घेतले तर दोन्ही प्रती कमालीच्याच शुद्ध म्हणायच्या. तरीही अधिक शुद्ध चांदीत कलेचा काळ आल्टशुलर, आरोनोव आणि खमेलनित्स्की यांनी १९८२ साली वर्तवल्याप्रमाणे सर्वांत कमी तापमानापर्यंत वाढतच गेला, आणि कमी शुद्ध चांदीत तो सपाट झाला. मग त्यांनी सर्वांत शुद्ध चांदीत मँगनीजचे आयन मुद्दाम घुसवले, एका नमुन्यात दहा लाखांत ०.३ आणि दुसऱ्यात दहा लाखांत १. एवढ्याशा मँगनीजने शुद्ध चांदी अशुद्ध चांदीसारखी वागू लागली.

दहा लाखांत एक म्हणजे प्रत्यक्षात किती? १०० नॅनोमीटर रुंद आणि ५० नॅनोमीटर जाड तारेचा एक मायक्रोमीटर लांबीचा तुकडा घेतला, तर त्यात चांदीचे सुमारे २९ कोटी अणू येतात आणि मँगनीजचे २९०. एका मँगनीजपासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर सरासरी पंचवीस-तीस नॅनोमीटर. रोध मोजून ही भेसळ पकडता येत नाही, कारण तिच्यामुळे रोधात होणारी वाढ इतर कारणांनी होणाऱ्या वाढीत बुडून जाते; कलेचा काळ मात्र तिची चुगली करतो. सपाटीचे गूढही इथेच उकलते. इलेक्ट्रॉन-इलेक्ट्रॉन टकरींमुळे होणारी कलेची नासाडी तापमानाबरोबर कमी होत जाते, तर स्पिन उलटण्यामुळे होणारी नासाडी कोंडो तापमान जवळ येईल तशी वाढत जाते. एकीची घट आणि दुसरीची वाढ यांची बेरीज बऱ्याच मोठ्या टप्प्यात जवळपास स्थिर राहते, आणि चांदीतील मँगनीजचे कोंडो तापमान नेमके शीतकाच्या तळाशी, ४० मिलिकेल्विनच्या घरात असल्यामुळे त्याच्या पलीकडचा उतार प्रयोगकर्त्याला दिसतच नाही. त्याला दिसतो तो सपाट आलेख, आणि तो सपाट आलेख निसर्गाच्या अंतिम मर्यादेसारखा भासतो.

माझ्या मते या साऱ्यात सर्वांत निर्णायक प्रयोग पिएर आणि बर्ज यांनी २००२ साली तांब्याच्या कड्यांवर केला. कड्यातून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनचे दोन अर्धे मार्ग एकत्र येतात तेथे चुंबकीय क्षेत्रानुसार रोधात आंदोलने दिसतात, आणि कला जितकी टिकेल तितकी ती ठळक होतात. क्षेत्र पुरेसे वाढवल्यावर ही आंदोलने मोठी झाली. नासाडी सर्वव्यापी शून्यबिंदू आंदोलनांमुळे, म्हणजे निरपेक्ष शून्यालाही न थांबणाऱ्या पुंजयांत्रिक थरथरीमुळे, होत असती, तर क्षेत्राने तिच्यात असा फरक पडायचे कारण नव्हते; पण सैल फिरणारी स्पिने कारणीभूत असतील, तर प्रबळ क्षेत्र त्यांना एका दिशेला जखडून टाकते आणि ती उलटायची थांबतात. वादातील सगळे मुद्दे यानंतर एका दिवसात मिटले असे नव्हे. लोखंडाच्या बाबतीत तर साध्या अर्ध्या स्पिनचे प्रतिरूप मोजमापांशी जुळेना, आणि २००९ साली कॉस्टी व सहकाऱ्यांनी तीन-द्वितीयांश स्पिन आणि इलेक्ट्रॉनांच्या तीन वाहिन्या धरल्या तेव्हा सोन्या-चांदीतील लोखंडाचे रोध आणि कलेचा काळ हे दोन्ही आलेख एकाच कोंडो तापमानाने बसले.

तारेत उपद्रव करणारी हीच घटना क्वांटम डॉटमध्ये उलटे फळ देते. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकावर धातूच्या बारीक पट्ट्या आखून त्यांना ऋण विद्युतदाब दिला, की खालच्या इलेक्ट्रॉनांच्या थरात एक लहानसे बंदिस्त तळे तयार होते आणि त्यातील इलेक्ट्रॉन एकेक करून कमीजास्त करता येतात. त्यांची संख्या विषम असेल तर सामान्यतः एक स्पिन बिनजोडीचे उरते, म्हणजे चुंबकीय अणू एकही नसताना चुंबकीय अशुद्धी तयार होते. ग्लाझमन आणि रायख, तसेच एन्ग आणि ली यांनी १९८८ सालीच असे वर्तवले होते, की अशा ठिकाणी कोंडो परिणाम प्रवाह वाढवील. कारण सरळ आहे: तारेत अशुद्धीवर आपटलेला इलेक्ट्रॉन मागे फेकला जातो, परंतु डॉटमध्ये पलीकडे जाण्याची एकमेव वाट त्या स्पिनवरूनच जाते, त्यामुळे त्याच्याशी गाठ जितकी पक्की तितका मार्ग मोकळा. १९९८ साली एमआयटीत गोल्डहेबर-गॉर्डन आणि डेल्फ्ट येथे क्रोनेनवेट यांच्या प्रयोगांत हे दिसले, आणि २००० साली डेल्फ्टमध्येच व्हान डेर विल व सहकाऱ्यांनी एका डॉटची संवाहकता पुंजयांत्रिकीने घालून दिलेल्या कमाल मर्यादेपर्यंत, म्हणजे सुमारे १२.९ किलोओहम रोधाइतकी, नेऊन दाखवली. इथे कोंडो तापमान पट्टीवरचा दाब बदलून हवे तसे खालीवर करता येते. धातूत ते जन्मतःच ठरलेले असते.

याच स्पिनांचा आज सर्वांत जास्त त्रास होतो तो अतिसंवाहक क्यूबिटच्या, म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीच्या मूलभूत घटकाच्या, क्षेत्रात, आणि तिथे कोंडो परिणामाचा फारसा संबंध नाही. १९८७ साली बर्कलीत वेलस्टूड, उर्बिना आणि क्लार्क यांनी एक केल्विनखालील स्क्विडमध्ये, म्हणजे अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या अतिसंवाहक उपकरणात, चुंबकीय अभिवाहाचा मंद गोंगाट मोजला, आणि तो उपकरण कशाचे बनवले आहे यावर फारसा अवलंबून नसल्याचे त्यांना दिसले. २००८ पर्यंत संशय पृष्ठभागावरील सुट्या स्पिनांवर स्थिरावला होता, दर दोन चौरस नॅनोमीटरला सुमारे एक. २०१६ साली विस्कॉन्सिनच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की यांतील मोठा वाटा पृष्ठभागाला चिकटलेल्या ऑक्सिजनच्या रेणूंचा आहे. ऑक्सिजनच्या रेणूत बिनजोडीचे दोन इलेक्ट्रॉन असतात आणि तो हवेतूनच येतो, त्यामुळे धातू कितीही शुद्ध आणला तरी उपयोग होत नाही. उपकरण बसवलेल्या डबीतील निर्वात सुधारला, तेव्हा गोंगाट कमी झाला.