काळीज मागितलं आणि कलेजी आली

आठवीत असताना विज्ञानाच्या बाईंनी आमच्या वर्गातल्या एका मुलाला सांगितलं, "उद्या बकऱ्याचं काळीज घेऊन ये." त्याच्या घरचं मटणाचं दुकान होतं. त्याने डब्यातून आणली कलेजी. चूक त्याची नव्हती. दुकानात काळीज म्हणजे यकृतच, हृदयाला तिथे 'दिल' म्हणतात. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं, आज यकृत बघू. पोटातला सगळ्यात मोठा अवयव आहे हा." आणि तो तास यकृताचा झाला.

दुसऱ्या दिवशी दिल आलं, वरच्या नळ्या शाबूत ठेवून. बाईंनी महाधमनीच्या तोंडातून तांब्याने पाणी ओतलं. ते खाली उतरेना, नळीतच भरून राहिलं. झडप हा शब्द मी पाठ केलेला होता, पण ती काय करते हे तेव्हा दिसलं. मग हृदय उभं चिरून दोन्ही जवनिकांच्या, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या, भिंती बाईंनी आम्हाला चिमटीत धरायला लावल्या. उजवी पातळ, डावी चांगली जाडजूड. "उजवीला शेजारच्या फुप्फुसापर्यंतच रक्त ढकलायचंय. डावीला पार पायाच्या अंगठ्यापर्यंत!"

ज्यांच्या घरी मांसाहार चालत नव्हता, त्यांना बाईंनी कधीही सक्ती केली नाही. त्यांच्या हाती नरसाळं आणि रबरी नळी दिली. ती छातीला लावून ते एकमेकांचे ठोके मोजत बसले. ड्रॉइंग पिनच्या टोकावर काडेपेटीची काडी खोचून पिन मनगटावर ठेवली, की नाडीबरोबर काडी डुलायची. मैदानाला एक फेरी मारून आलो, की ती केवढी भराभर हलायची! एकदा लहान आतड्याएवढी, 6 मीटर सुतळी व्हरांड्यात पसरली होती. ती घडी घालून पोटाएवढ्या जागेत बसवताना आमची दमछाक झाली.

आज मी परिचारिका आहे. प्रशिक्षणात हृदयाचा धडा आला तेव्हा पुस्तक उघडण्याआधी बोटांना ती जाड भिंत आठवली. बाईंचे हे ऋण मी मनापासून मानते.

सुवर्णमहोत्सवानिमित्त आमची तुकडी शाळेला मानवी सांगाडा देत आहे. सोबत दोन डझन नरसाळी आणि रबरी नळ्याही आणतोय. सांगाडा काचेच्या कपाटात बंद करू नका, ही कळकळीची विनंती. मुलांना त्याचा गुडघा वाकवून बघू द्या.