हॉलची एक भिंत गडद करायची तर आधी भिंत बघा, शेडकार्ड नंतर

गडद रंगात भिंतीचे दोष झाकले जातात असा एक समज आहे. मळखाऊ कपडे घ्यावेत त्या हिशोबाने लोक मळखाऊ भिंत मागतात. होतं नेमकं उलटं. बाटलीहिरवा, मोरपिशी, अंजिरी, कुठलाही घ्या. पांढऱ्या भिंतीवर वर्षानुवर्षं न दिसलेल्या लहरी गडद रंगात तिरप्या उजेडाबरोबर सावलीसकट दिसायला लागतात. क्षार, धूळ, खुर्चीचा ओरखडा, सगळं पांढऱ्या रेघेने उमटतं. त्यामुळे खर्चाचा मोठा वाटा रंगाच्या डब्यावर नको, भिंतीच्या तयारीवर आणि दिव्यांवर हवा.

कुठली भिंत? खिडकी असलेली भिंत टाळा. उजेडाच्या चौकटीभोवती गडद रंग आला की डोळ्यांना चकाकी त्रास देते आणि दिवसा भिंत काळीच दिसते. खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर उजेड घासून जातो, म्हणून तिथे गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा कळतो. ती निवडायची तर लांबीचं, म्हणजे पुट्टीचं, काम उत्तमच हवं. खिडकीसमोरची भिंत सगळ्यात सोपी. टीव्हीची भिंत गडद आणि मॅट असेल तर पडद्याच्या चौकटीभोवतीचा पसारा कमी जाणवतो. सोफ्यामागची भिंत दिसते छान, पण तिथे केसांचं तेल लागतं. मॅट गडद रंगावर तेलाचा डाग पुसला की तेवढा भाग चकचकीत होतो आणि तसाच राहतो. सोफा चार इंच पुढे ओढा, किंवा तिथे थोडी सौम्य चमक असलेला फिनिश घ्या.

आता ओल. पश्चिमेकडची बाहेरची भिंत आणि बाथरूमला लागून असलेली भिंत, या दोन्हींवर आधी संशय घ्या. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून भिंतीवर २४ तास चिकटवून ठेवा. आतल्या बाजूला दव धरलं किंवा गिलावा काळपट झाला तर रंगकाम थांबवा. मुंबई-कोकणात दसऱ्याच्या सुमारास घाईने काम उरकतात, पण चांगला पाऊस झालेल्या वर्षी भिंती तेव्हा आतून ओल्याच असतात. पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं. पांढऱ्या भिंतीवर हा लोणा महिनोन्‌महिने लक्षात येत नाही, मोरपिशीवर आठवड्यात दिसतो. ओलीचं मूळ बाहेरून बंद केल्याशिवाय आतून कुठलंही महाग प्रायमर फार काळ टिकत नाही. नवा गिलावा असेल तर निदान २८ दिवस जाऊ द्या.

जुन्या भिंतीवर तळहात घासा. पांढरी भुकटी आली तर खाली चुना किंवा डिस्टेंपर आहे. तो खरवडून काढायलाच हवा, नाहीतर इमल्शन (पाणी घालून लावायचा भिंतीचा रंग) त्याला धरून पोपड्यासारखं सुटतं. जुना ऑइलपेंट असेल तर १२० नंबरच्या पॉलिशपेपरने चमक मारा.

मग लांबी. व्हाइट सिमेंटच्या पुट्टीचे दोन हात, एक उभा, एक आडवा, प्रत्येक हात दीड मिलिमीटरपेक्षा जाड नको. जाड थर वाळताना आकसतो आणि केसासारख्या बारीक चिरा पडतात. आधी १८०, मग २२० नंबरचा कागद. इथे बहुतेक कामं बिघडतात, कारण घासलेली भिंत ट्यूबलाइटखाली गुळगुळीतच दिसते. रात्री दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून धरा. सावल्या जिथे पडतील तिथे पेन्सिलने खुणा करा, तेवढं भरा, पुन्हा घासा. पेंटर थोडा वैतागेल. वैतागू द्या. त्यानंतर ओलसर फडक्याने धूळ पुसा आणि मगच प्रायमर.

रंगाबद्दल एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. इमल्शनला झाकण्याची ताकद मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइड देतो, आणि तो पांढरा असतो. म्हणून गडद शेड बनवायला जो बेस घेतात त्यात तो अगदी थोडा असतो किंवा नसतोच, आणि टिंटर, म्हणजे छटा देणारा दाट रंग, भरपूर पडतो. डबाही टिंटरला जागा राहावी म्हणून थोडा कमी भरलेला येतो. परिणाम असा की बरेच गडद रंग फिक्या रंगापेक्षा कमी झाकतात. विटकरी, गेरू, कॉफी हे लोहभस्माच्या रंगद्रव्यांचे, ते दोन-तीन हातांत बसतात. भडक लाल आणि काही पिवळे पारदर्शक असतात. पांढऱ्या प्रायमरवर त्यांचे चार-पाच हात मारूनही पट्टे राहतात. यावर उपाय स्वस्त आहे. प्रायमरमध्ये काळा टिंटर टाकून मध्यम राखाडी करून घ्या, किंवा पहिला हात त्याच छटेच्या जरा फिक्या, झाकणाऱ्या रंगाचा मारा. वरचा एक हात तरी वाचतो.

हिशोब करू. भिंत १२ फूट रुंद, साडेनऊ फूट उंच, म्हणजे ११४ चौरस फूट. चांगलं इमल्शन गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना लिटरमागे साधारण १३० चौरस फूट जातं. चार हात धरले तर पावणेदोन लिटर. कमी भरलेले दोन डबे अगदी काठावर पुरतील, म्हणून एक-एक लिटरचे तीन घ्या, तिन्ही एकाच वेळी टिंट करून. सुरुवातीलाच ते एका बादलीत एकत्र ढवळा. मशीनचा रंग असला तरी दोन डब्यांत किंचित फरक असू शकतो, आणि तो भिंतीच्या मधोमध दिसतो.

शेड निवडताना भिंतीवर ठिपके मारू नका. आजूबाजूच्या पांढऱ्यामुळे प्रत्येक छटा आहे त्यापेक्षा गडद वाटते. दोन फूट बाय तीन फूट जाड कार्डावर दोन हात मारा आणि ते सकाळी, दुपारी, रात्री दिवे लावून वेगवेगळ्या जागी धरा. ओला रंग दुधाळ, फिका दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो, त्यामुळे पहिल्या तासात मत बनवू नका. रंगकंपन्या शेडसोबत एलआरव्ही नावाचा आकडा देतात: उजेडाचा किती टक्के भाग परत येतो तो. पांढऱ्याचा ऐंशीच्या पुढे, गडद निळ्याचा दहाच्या आत. दहाच्या खालचे रंग रात्री साध्या उजेडात काळे होतात; दहा ते पंधराच्या दरम्यानचे रंग आपली छटा राखतात. छोट्या हॉलला मी हेच सुचवेन.

लावताना पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. जास्त पाण्याने रंग पसरतो चांगला, पण झाकत नाही, आणि पेंटरच्या हातातल्या मगावर लक्ष ठेवणारं कोणी नसेल तर पाणी हमखास वाढतं. पंखा बंद. एकाने ब्रशने कडा मारायच्या, दुसऱ्याने मागोमाग रोलर, म्हणजे कडेचा रंग वाळायच्या आत मधला त्यात मिसळतो. नाहीतर कोपऱ्याला चौकट उमटते. अर्धवट वाळलेल्या भागावर परत रोलर फिरवू नका. पहिल्या हातानंतर भिंत चट्टेरी दिसणारच.

सरळ रेघेसाठी आधी छत आणि शेजारच्या फिक्या भिंती उरका, रंग कोपऱ्यातून थोडा पुढे येऊ द्या. दिवसभर वाळल्यावर मास्किंग टेप लावा आणि टेपच्या कडेवर तोच फिका रंग एकदा फिरवा. जो काही झिरपेल तो फिका झिरपेल. मग गडद रंग. शेवटचा हात ओला असतानाच टेप तिरपी ओढून काढा. आपल्याकडे छताची कड क्वचितच सरळ असते. तिच्या मागे जाण्यापेक्षा पाव इंच खाली लेव्हल लावून रेघ मारा. पणजीच्या फोंताइन्यश या जुन्या वस्तीत गडद निळ्या-तांबड्या घरांच्या खिडक्यांभोवती पांढरे पट्टे आहेत, रंग तिथे त्या पट्ट्यांमुळे खुलतो. घरात ते काम पांढरी स्कर्टिंग आणि दाराची चौकट करू शकते.

पांढरे स्विचबोर्ड मात्र गडद भिंतीवर पहिले डोळ्यांत येतात. मॉड्युलर असतील तर नुसत्या प्लेटा राखाडी किंवा काळ्या बदला. केबलच्या केसिंगपट्टीला घासून, प्रायमर देऊन भिंतीचाच रंग द्या. एसीच्या वाट्याला जाऊ नका.

दिवे: ६५०० केल्विनच्या निळसर पांढऱ्या ट्यूबखाली अंजिरी आणि विटकरी मळकट दिसतात. लाल-तपकिरी कुळाला पिवळसर ३००० केल्विन, निळ्या-हिरव्याला ४०००. दिव्याचा सीआरआय, म्हणजे त्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात तो शंभरपैकी आकडा, ९० किंवा त्याहून अधिक असावा. फॉल्ससीलिंगमधले भिंतीवर सोडायचे दिवे भिंतीपासून एक ते दीड फुटावर ठेवा. सहा इंचांवर आणले की ते टॉर्चचंच काम करतात आणि लहरी दाखवतात.

रंग स्पर्शाला तासाभरात वाळतो, पण पूर्ण पक्का व्हायला तीन-चार आठवडे घेतो. तोवर भिंत ओल्या फडक्याने घासू नका. लाल छटा फडक्यावर उतरते. दमट हवेत जास्त टिंटरच्या रंगातून चिकट पारदर्शक ओघळ येतात, ते रंग खराब झाल्याचं लक्षण नाही. भिंत पक्की झाल्यावर साध्या पाण्याने हलकेच पुसले की जातात. आणि गणपतीच्या आठवडाभर आधी रंगवलेल्या भिंतीवर मखराच्या पडद्यासाठी दुहेरी टेप लावाल तर विसर्जनाला टेपबरोबर रंग निघेल, कधी पुट्टीसकट.

डागडुजीचंही आधीच ठरवा. गडद मॅटवर लावलेलं ठिगळ वेगळ्या चमकेने दिसतं, म्हणून कोपरा ते कोपरा पूर्ण भिंतीला एक हात मारणं हाच खरा मार्ग. उरलेला रंग काठोकाठ भरलेल्या काचेच्या बरणीत घट्ट बंद करा, झाकणावर शेडचा कोड, बेस, फिनिश आणि तारीख लिहा. भाड्याचं घर असेल तर मालकाशी आधी बोला: परत फिकं करायला प्रायमरचे एक-दोन हात आणि वर इमल्शनचे दोन लागतात, आणि तो खर्च डिपॉझिटमधून कापला जाऊ शकतो.