काचेला नाक लावून

विंडो शॉपिंगसाठी फ्रेंच भाषेत ‘लेश-व्हित्रीन’ असा शब्द आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘दुकानाच्या काचा चाटणे’ असा होतो. मिठाईच्या दुकानापुढे रेंगाळणाऱ्या मुलांनाच तो शोभतो, अशी माझी समजूत होती; पॅरिसमध्ये ताटल्यांच्या दुकानांपुढे तास-तास उभी राहू लागल्यावर मात्र तो मलाही लागू आहे, हे मान्य करावे लागले.

जुन्या पिढीतल्या रसिकाने यासाठी र्यू द पारादी हा रस्ता सुचवला असता. लोरेनमधल्या बाकारा आणि सॅं-लुई या गावांची स्फटिककाच रेल्वेने ज्या गार द लेस्त स्थानकात उतरे, ते येथून जवळच असल्यामुळे काच आणि पोर्सेलीन, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांच्या व्यापाऱ्यांनी हा रस्ता धरला होता. आता ती रांग विरळ झाली आहे, त्यामुळे मी तिथे फार थांबत नाही.

माझा मुक्काम असतो र्यू रॉयाल या रस्त्यावर, लिमोज या फ्रेंच शहराच्या पोर्सेलीनपुढे. लिमोजजवळच्या सॅंत-इरिए येथे १७६८ च्या सुमारास केओलिन ही पांढरी माती सापडली आणि तिच्यामुळे फ्रान्समध्ये अस्सल, कठीण पोर्सेलीन घडवणे शक्य झाले. सुमारे १४०० अंश सेल्सिअसच्या भट्टीतून निघालेली ही ताटली इतकी घट्ट आणि तरीही इतकी पातळ असते की तिच्यातून प्रकाश झिरपतो. म्हणून मी शक्यतो संध्याकाळी जाते. बाहेर अंधारू लागले आणि आतले दिवे कपांच्या मागून येऊ लागले की कपाची कड दुधाच्या सायीसारखी उजळते, आणि कान जिथे कपाला जोडलेला असतो तेवढ्या जाड भागाची सावली आतल्या बाजूला उमटते. सोनेरी काठाच्या ताटल्यांपुढून मी लवकर सरकते. त्यांत बघण्यासारखे जे काही असते ते पहिल्या नजरेतच संपते. कोऱ्या पांढऱ्या ताटलीचे तसे नसते. शेजारी जियॅं या गावची फेआन्स, म्हणजे झिलई दिलेली साध्या मातीची भांडी, मांडलेली असेल, तर पांढऱ्यातला फरक अधिकच खुलतो: जियॅंचा पांढरा मऊ आणि अपारदर्शक, तर लिमोजचा थंड, किंचित निळसर.

मांडलेल्या टेबलावर माझी नजर आधी काट्यांकडे जाते, कारण फ्रेंच रिवाजाप्रमाणे ते पालथे, दाते खाली करून ठेवलेले असतात. घराण्याची मानचिन्हे येथे काट्याच्या पाठीवर कोरली जात आणि ती पाहुण्यांना दिसावीत, हा त्यामागचा हेतू. सुरीचे टोक टेकवण्यासाठी बाजूला बोटभर लांबीचा आडवा दांडा असतो, त्याला ‘पोर्त-कुतो’ म्हणतात. एवढ्याशा कामासाठी वेगळी वस्तू घडवणाऱ्या लोकांबद्दल मला आदर वाटतो, आणि थोडे हसूही येते.

हे सगळे विकत घ्यावे, असे मात्र वाटत नाही. एक कप घेतला की त्याला जोड हवी, जोड मिळाली की सहा हवेत. मग सोनेरी काठ मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही आणि कपाटात जागा उरत नाही. काचेआडच्या एकट्या कपाला जोडीची गरज पडत नाही, आणि त्याचा कधी टवकाही उडत नाही. एकदा धीर करून मी एका दुकानात शिरले होते. पाठीवरची सॅक न उतरवताच मी एका मांडणीपाशी वळले, तेव्हा विक्रेत्या बाईंनी एक शब्दही न बोलता दोन्ही हात पुढे धरले होते. त्यानंतर मी बाहेरच बरी, असे ठरवले.

खंत एकच आहे. काटा आपली पाठ दाखवतो, ताटली दाखवत नाही, आणि काचेआडून ती उलटून बघता येत नाही. ती हौस मी पॅरिसलगतच्या सॅं-तुआंच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात भागवते, कारण तिथला बराच माल मध्ये काच न ठेवता टेबलांवर मांडलेला असतो. मागच्या वेळी लिमोजची एक लहान ताटली उलटली, तेव्हा तिच्या पाठीवर दोन शिक्के निघाले. घडवणाऱ्या कारखान्याचा हिरवा शिक्का झिलईच्या खाली होता, त्यावरून नख सहज घसरले. रंगवणाऱ्याचा लाल शिक्का झिलईच्या वर होता, तिथे ते जरासे अडले. विक्रेत्याने सहाही हव्यात का, असे विचारले. मी नकारार्थी मान हलवली आणि ताटली पुन्हा सुलटी करून तिच्या जागी ठेवली.