आजीच्या विड्या, तिकडची अंडी

लेक इटलीतल्या बोलोन्याला शिकायला गेली, त्याला दोन वर्षं झाली. तिची घरमालकीण ऐंशीच्या पुढची, टस्कनीतल्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेली. रविवारी फोनवर लेक तिच्या गोष्टी सांगते आणि मला सोलापूरच्या पूर्व भागातलं आमचं घर आठवत राहतं.

तिकडे जमीन मालकाची असायची, शेतकरी अर्धलीनं कसायचे. एका घरात पंधरा-वीस माणसं. सगळ्यांवर हुकूम कापोच्चाचा, म्हणजे कर्त्या पुरुषाचा. चूल आणि कोंबड्या मास्सायाकडे, म्हणजे घरातल्या कारभारणीकडे. अंडी विकून आलेला पैसाही तिच्याच हातात.

हे ऐकलं आणि मला आजी दिसली. पानं भिजवायची, कापायची, अंधार पडेपर्यंत विड्या वळायची. अंगठ्याचं नख झिजून गेलं होतं तिचं. मजुरी ती आणायची, नोटा मात्र आजोबांच्या खिशात. त्यांची गिरणी बंद पडल्यावर घर विड्यांवरच चाललं, तरी चपलेसाठी तिला पैसे मागावे लागायचे. एकत्र कुटुंब मोडलं म्हणून कुणी हळहळलं, की मला त्या चपला आठवतात.

इटलीत घटस्फोटाचा कायदा १९७० साली आला. तो रद्द करावा म्हणून १९७४ मध्ये सार्वमत झालं, पण जवळजवळ ६० टक्के लोकांनी कायदा राखला. पुढच्याच वर्षी नवरा-बायको कायद्यानं बरोबरीचे झाले, हुंड्याची तरतूदही गेली. मला त्या बायकांचा हेवा वाटतो.

पण घरं रिकामी झाली हेही खरं. १९६४ मध्ये तिथे दहा लाखांहून जास्त मुलं जन्मली होती. २०२४ मध्ये पावणेचार लाखसुद्धा नाहीत. घरमालकिणीचा एकुलता मुलगा जर्मनीत असतो. तिला आंघोळ घालायला रोज एक रोमानियाची बाई येते. ती स्वतःचं घर मागे ठेवून आलेली.

लग्नात नेलेल्या तागाच्या चादरी म्हातारीनं अजून जपून ठेवल्यात, प्रत्येकीवर तिच्या नावाची अक्षरं भरलेली. दिवाळीत लेकीबरोबर मी सोलापुरी चादर पाठवली, तर तिनं आधी कोपरा चाचपला. विणलेली अक्षरं सापडल्यावर विचारलं, "ही बाई कोण?"

कारखान्याचं नाव आहे, असं लेकीनं सांगितलं. आजीच्या विड्यांच्या बंडलावरही कारखान्याचंच लेबल असायचं.