हात एकीकडे, नजर दुसरीकडे

रविवार, रात्री साडेदहा

आज दुपारभर ‘रोसास दान्स्त रोसास’मधला खुर्च्यांचा भाग थांबवत, मागे नेत पाहिला. बेल्जियमच्या आन तेरेसा दे केर्समाकर यांनी १९८३ मध्ये ही नृत्यरचना बसवली. चार बायका नाचतात. गोष्ट नाही, पात्रं नाहीत.

सुरुवातीचा भाग जमिनीवरचा, संगीताशिवाय. अंग वळतं, अर्धं उठतं, पुन्हा पडतं. ऐकू येतो तो फक्त श्वास आणि शरीर जमिनीला लागल्याचा आवाज. चौघींनी ताल एकमेकींच्या श्वासावरच धरलेला असतो. मग खुर्च्या येतात आणि तिएरी दे मे व पीटर फेरमेर्श यांचं ठोक्याठोक्यांनी चालणारं संगीत. केसांतून हात, पायावर पाय, झटकन वळलेली मान, कमरेतून पुढे कोसळणं. सगळं रोजच्या बसण्या-उठण्यातलं, पण मोजून-मापून कापलेलं.

माझी तालीम भरतनाट्यमची. जिकडे हात तिकडे नजर, जिकडे नजर तिकडे मन, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. इथे हात केसांतून फिरतो आणि नजर भलतीकडेच असते, शेजारणीकडे नाहीतर थेट आपल्याकडे. हात आणि नजर यांच्यातल्या त्या फटीत मला आज या नाचाचा अर्थ सापडला असं वाटतं.

सोलापूरच्या पूर्वभागात विड्या वळणाऱ्या मावश्या आठवल्या. मांडीवर सूप, त्यात पानं आणि तंबाखू. भरायचं, वळायचं, दोरा गुंडाळायचा. बोटांकडे बघायची गरजच नसते. डोळे रस्त्यावर, पोरावर, समोरच्या बाईवर, आणि तेलुगूत गप्पा चालू. हात कामाला बांधलेले, पण बाई पूर्ण तिथे बांधलेली नाही. दे केर्समाकर यांना सोलापूर कुठून ठाऊक असणार! पण त्या चौघींतली एक क्षणभर थांबून दुसरीकडे बघते, तेव्हा मला तीच मोकळीक दिसते. आधी इतका वेळ सगळ्या एकसारख्या हलल्या नसत्या, तर ते बघणं नजरेतून निसटलं असतं. शेवटाकडचा दमही खराच. थकव्याचा अभिनय करावा लागत नाही, रचनाच थकवते.

२०१३ मध्ये दे केर्समाकर यांनी हा खुर्च्यांचा भाग शिकवणारे व्हिडिओ सगळ्यांसाठी खुले केले, स्वतःची आवृत्ती करून बघा म्हणून. केवढा मोठेपणा! त्यांच्यामुळेच तर इथल्या क्लासात, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, आम्ही हे करू शकतोय. खुर्च्या सरळ ओळीत मांडल्या तर शाळेतली कवायत दिसते. ओळ तिरपी केली की एकीच्या खांद्याआडून दुसरी दिसते, आणि प्रेक्षक आपोआप तुलना करायला लागतो: हिने मान आधी वळवली, तिने उशिरा. नुसत्या मांडणीने एवढा फरक पडतो.

मुली विचारतात, “ताई, चेहऱ्यावर भाव कोणता ठेवायचा?” साहजिक आहे, आमच्या शिक्षणात चेहरा कधी रिकामा नसतो. मंगळवारी त्यांना एकच काम देणार आहे. हात ठरल्याप्रमाणे चालू द्यायचे, मात्रा चुकवायची नाही, आणि दर आवर्तनात नजर कुठे टाकायची ते जिचं तिने ठरवायचं. मी खुर्च्यांच्या समोर न बसता बाजूला बसून बघेन.