तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे डॉलर ओतले, मग मासे का खायचे नाहीत?

गणपतीत मंडळात भेटणारे विचारतात, सांगलीहून फोनवर काका विचारतात, आणि मागे नात्यातल्या एका लग्नात तर जेवता जेवताच विषय निघाला. "अगं, तू त्या तळ्यांच्या सफाईत आहेस ना? सरकार एवढे डॉलर ओततंय म्हणे. मग 'इथले मासे खाऊ नका' असे बोर्ड अजून कसे?" पुढचं वाक्यही ठरलेलं असतं. इथले, म्हणजे अमेरिकेतले, म्हणतात, "म्हणजे आमचा टॅक्स गाळातच." सांगलीचे म्हणतात, "म्हणजे तिकडंही तेच." मी दोन-चार वाक्यांत काहीतरी सांगते, समोरच्याचं लक्ष तोवर श्रीखंडाकडे गेलेलं असतं, आणि मला रात्री झोप येत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहिते आहे.

आधी पाण्याचं. ही तळी म्हणजे अमेरिका आणि कॅनडाच्या मधली पाच मोठी सरोवरं, 'ग्रेट लेक्स'. त्यांतल्या मिशिगन सरोवराच्या काठावर फोटो काढताना तुम्ही म्हणता, "किती नितळ आहे!" आहेच. शुद्ध करून तेच नळाला येतं आणि माझ्याकडे आलात की तुम्ही तेच पिता. पण नितळपणावर जाऊ नका. त्यातला बराचसा नितळपणा क्वागा नावाच्या परक्या शिंपल्यांनी आणलाय. जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून ते इथे पोचले आणि माशांच्या पिल्लांनी खायचं ते सूक्ष्म अन्न गाळून गट्ट करून बसले. पाचांपैकी सुपीरियर हे सगळ्यांत नितळ सरोवर मानलं जायचं, आता मिशिगनचं पाणी त्याहून नितळ असतं. याचा आनंद मला होत नाही.

विष आहे ते तळाशी, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. नद्यांच्या मुखाशी, बंदरांत, जुन्या कारखान्यांच्या मागे. पातेल्याच्या बुडाशी दूध करपलेलं असावं आणि वरून पांढरंशुभ्र दिसावं, तसं. त्यातलं मुख्य नाव पीसीबी. सहज न पेटणारं, न बिघडणारं तेल म्हणून ते ट्रान्सफॉर्मरमध्ये होतं, कारखान्यांच्या हायड्रॉलिक यंत्रांत होतं, अगदी कार्बन न लावता नक्कल उठणाऱ्या पावतीच्या कागदातही होतं. अमेरिकेत १९७९ साली त्याच्या उत्पादनावर बंदी आली. पण ते पाण्यात विरघळत नाही, कुजत नाही, गाळाला चिकटून राहतं. गाळातले किडे ते खातात, किड्यांना छोटे मासे, छोट्यांना मोठे. प्रत्येक पायरीला ते चरबीत साठत वाढत जातं. मिशिगन सरोवरातले मासे खाणाऱ्या आयांची मुलं अकरा वर्षांची झाल्यावर जोसेफ आणि सँड्रा जेकबसन या दाम्पत्याने ती तपासली. पोटात असताना ज्यांच्या वाट्याला सर्वांत जास्त पीसीबी आलं, ती मुलं बुद्ध्यांकात आणि वाचनात मागे होती. हे १९९६ साली छापून आलं. बोर्ड त्यासाठी आहेत.

आता पैशांकडे येते, कारण तुमचा रोख तिकडेच असतो. १९८७ साली अमेरिका आणि कॅनडाने पाचही सरोवरांभोवतीच्या बिघडलेल्या जागांची यादी करायचं ठरवलं. त्या ४३ निघाल्या. त्यानंतर कित्येक वर्षं आराखडेच होत राहिले. खरा पैसा आला २०१० मध्ये, ग्रेट लेक्स रेस्टोरेशन इनिशिएटिव्ह या सरोवरं सुधारायच्या केंद्राच्या निधीतून: पहिल्या वर्षी ४७.५ कोटी डॉलर, मग साधारण ३० कोटींच्या आसपास, आणि २०२१ च्या कायद्याने वरून आणखी १०० कोटी. आकडा मोठा वाटतो. पण तो सगळा विषासाठी नाही. परकी जीवजात, शेतातून वाहून येणारं खत, पाणथळ जागा, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. शिवाय या पैशांतून गाळ उपसायचा तर लेगसी ॲक्ट नावाचा २००२ चा कायदा लागतो, आणि त्याची अट अशी की खर्चाचा किमान ३५ टक्के हिस्सा केंद्राबाहेरून आला पाहिजे. राज्य द्या, गाव द्या, एखादी कंपनी पुढे आली तर तिने द्या. तो हिस्सा उभा राहिला नाही तर वॉशिंग्टनमधले पैसे वॉशिंग्टनमध्येच राहतात.

हे ३५ टक्के जमवणं हे माझ्या नोकरीतलं मोठं काम. मी गाळाचे नमुने काढते असं तुम्हाला वाटतं. तेही केलं, पण आता बहुतेक वेळ लोकांसमोर उभी असते.

एका छोट्या बंदरगावची सभा सांगते. गावाचं नाव सांगत नाही. नगर परिषदेचं सभागृह, बाहेर बर्फ, आत जाड कोट मांडीवर घेऊन बसलेली माणसं. राज्य आपला वाटा द्यायला तयार होतं, उरलेल्या भागासाठी गावाने कर्जरोखे काढायचे होते आणि त्यावर मतदान होतं. मी नकाशा लावला. लाल ठिपके म्हणजे पीसीबी ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत पन्नास भाग) वर, तो गाळ खास परवाना असलेल्या, कचरा पुरायच्या जागीच न्यावा लागतो. पिवळे त्याखालचे. गाळ पसरू नये म्हणून पाण्यात पडदे कसे सोडणार, गाळ उपसून त्यातलं पाणी कसं काढणार, सिमेंट मिसळून ट्रक कसे भरणार, सगळं सांगितलं. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. म्हणाले, "तुम्ही लाल केलंय ना, तिथे मी कामाला होतो. संध्याकाळी आम्ही जमिनीवरचं तेल भुसा टाकून पुसायचो आणि नळीने धुऊन मोरीत सोडायचो. मोरी त्या खाचेत उघडायची. तेल माझ्या हाताला असायचं, घरी बायकोने धुतलेल्या कपड्यांना असायचं. मालकाने कारखाना बंद केला, कंपनी बुडाली, आमची पेन्शन अर्ध्यावर आली. आणि आता तो गाळ काढायचे पैसे पुन्हा माझ्याच घरपट्टीतून?"

सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. कायद्याप्रमाणे द्यायचं उत्तर माझ्याजवळ होतं: प्रदूषण करणारा शिल्लक नसेल तर भार समाजावर येतो. त्या माणसासमोर ते वाक्य मला उच्चारवलं नाही. मी म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, आणि तरीही गाळ तिथेच आहे." ते बसले. मतदान पुढे ढकललं गेलं. मग ते आणखी पुढे गेलं. शेवटी गावाने झेपेल एवढाच हिस्सा मान्य केला आणि तेवढ्यात बसवायला कामाची हद्द कमी केली. ज्या खाचेत ती मोरी उघडायची, जिथे बोटी लावतात, ती खाच नकाशातून वगळली.

पुढच्या उन्हाळ्यात बाकीचं काम चालू असताना मी त्या खाचेपाशी गेले. कडेला एक म्हातारी बाई उलट्या बादलीवर बसून गळ टाकत होती, सोबत नऊ-दहा वर्षांची नात. लाओसमधून युद्धानंतर आलेली मोंग लोकांची मोठी वस्ती विस्कॉन्सिनात आहे. मासे पकडून खाणं ही त्यांची जुनी सवय आहे आणि गरजही. दुसऱ्या बादलीत पिवळे पर्च होते आणि एक दांडगा कार्प, आपल्या कटल्याचाच भाऊबंद. तिथला कार्प अजिबात खाऊ नये असं बोर्डावर लिहिलेलं होतं. बोर्ड त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर होता. मी नातीला सांगितलं. तिने आजीला सांगितलं. आजी बराच वेळ बोलली आणि नात म्हणाली, "ती म्हणते, आम्ही चांगला उकळतो." मी सांगितलं की उकळून हे जात नाही, कातडी आणि चरबी काढून टाकली तर कमी होतं, रस्सा तर पिऊच नये, कारण ती चरबी रश्शात उतरते. पर्च अधूनमधून चालेल, पण हा मोठा नको. पोरीला 'चरबी' सांगताना स्वतःच्या पोटाला हात लावून दाखवावं लागलं. आजीने माझ्या पिवळ्या जॅकेटकडे बघितलं, पलीकडे चाललेल्या यंत्राकडे बघितलं आणि काहीतरी विचारलं. नात म्हणाली, "ती विचारते, तिकडे साफ करताय, मग इथे का नाही?"

मी ३५ टक्के समजावून सांगितले नाहीत. पैसे कमी पडले एवढंच म्हणाले. आजीने कार्प उचलून पाण्यात सोडला.

तुम्ही "एवढे डॉलर" म्हणता तेव्हा मला ती खाच दिसते. डॉलर पुरेसे असते तर ती नकाशावर राहिली असती.

आणि तरी कुणी या अनुदानाला निरुपयोगी म्हटलं की मी भांडते. मिशिगन राज्याच्या उत्तरेला डियर लेक म्हणून तळं आहे. तिथले मासे पाऱ्यामुळे वर्षानुवर्षं बंद होते. गावाखालच्या जुन्या लोखंडाच्या खाणीतून एक ओढा वाहायचा आणि पारा घेऊन तळ्यात यायचा. याच निधीतून ओढ्याची वाट बदलली आणि २०१४ मध्ये ते तळं यादीतून निघालं. इतका लहान आणि इतका नेमका उपाय, पण त्याला पैसा लागला आणि तो गावाजवळ नव्हता. मोठ्या सरोवरांतल्या ट्राउटमधलं पीसीबी माझ्या जन्माच्या वेळी होतं त्यापेक्षा आज खूप कमी आहे. कमी आहे, संपलेलं नाही. ते हवेतूनही येऊन पडतं, आणि एवढ्या मोठ्या सरोवरातलं पाणी बदलायला अनेक दशकं जातात.

या देशात नवीन होते तेव्हा मी वेगळं बोलायचे. म्हणायचे, अनुदान म्हणजे कंपन्यांची सुटका. ज्याने घाण केली त्यानेच काढावी, नाहीतर राहू द्यावी तशीच. माझ्या त्या बोलण्याला आधार होता. मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे या फाट्याला मिळणाऱ्या फॉक्स नदीत कागद गिरण्यांनी पीसीबी सोडलं. तिथे सरकारने गिरण्यांना धरलं, त्या वर्षानुवर्षं कोर्टात भांडल्या, पण शेवटी शंभर कोटी डॉलरहून जास्त खर्चाचं काम त्यांच्याकडून झालं. २०२० मध्ये ते संपलं. अनुदानाची थैली आधीच उघडी असती तर त्या गिरण्यांनी खिशात हात घातला असता का? मला नाही वाटत. उलट बाजूला शिकागोच्या उत्तरेचं वॉकेगन बंदर. बोटींची इंजिनं बनवणाऱ्या आउटबोर्ड मरीन कंपनीचं पीसीबी तिथे गेलं आणि २००० साली कंपनीच दिवाळखोरीत निघाली. तिथे कुणाची वाट बघायची होती? तेव्हाची मी म्हणेल की कंपनी बुडायच्या आधीच धरायला हवी होती. बरोबर आहे. आणि बुडाल्यावर काय, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. आजोबांना तोंड द्यायला ती त्या सभागृहात नव्हती. पण मीही तिला पूर्ण खोडू शकत नाही.

सांगलीच्या मंडळींना एक सांगायचंय. "आमच्याकडे पैसा कुठाय" असं तुम्ही म्हणता. भारतातही केंद्राची सरोवर संवर्धन योजना २००१ पासून होती, ७० टक्के केंद्राचे आणि ३० राज्याचे. पवई त्यात होतं, आपल्या कोल्हापूरचा रंकाळाही होता. तिथला मुख्य शत्रू सांडपाणी, आमचा जुनं विष, त्यामुळे उपाय सारखे नाहीत. अडचण मात्र ओळखीची आहे: पैसा एकदाच मिळतो, आणि घाण रोजची असते किंवा पन्नास वर्षांची. इथेही पैसा दरवर्षी नव्याने मागावा लागतो. २०१७ मध्ये तर अध्यक्षांच्या अंदाजपत्रकात या निधीपुढे शून्य होतं. दोन्ही पक्षांच्या खासदारांनी तो वाचवला. पण त्या काळात मी कुठल्याही गावाला "पुढच्या वर्षी नक्की" असं सांगू शकले नाही. वसंतात मासे अंडी घालतात म्हणून पाण्यात काम बंद, हिवाळ्यात बर्फ. मधल्या महिन्यांत पैसा हातात नसेल तर अख्खं वर्ष जातं.

आणि जुनं काढून होत नाही तोवर नवं आलंय. अग्निशामक फेस, न चिकटणारी भांडी, पाणी न धरणारे कपडे यांतली पीफास रसायनं. २०२१ मध्ये विस्कॉन्सिनने सुपीरियर सरोवरातल्या स्मेल्ट माशांबद्दल सूचना काढली: महिन्यातून एकदाच खा. हे लहानसे चंदेरी मासे वसंतात लोक जाळी घेऊन पकडतात आणि तिथेच तळून खातात. पाचांत सगळ्यांत स्वच्छ म्हणतात त्या सरोवराची ही गोष्ट.

मी काय खाते, हेही विचारता. पर्च खाते, व्हाइटफिश खाते, कातडी काढून. मोठा ट्राउट घरी आणत नाही. भाचीला दिवस गेले तेव्हा तिला राज्याचा माशांचा तक्ता पाठवला आणि फोन करून एकेक ओळ वाचून दाखवली.

त्या खाचेचा अर्ज आम्ही पुन्हा केलाय. राज्याचा वाटा ठरलाय, गावाचा अजून नाही. इथे राहणारे आणि मतदार असणारे जे मला टॅक्सचं विचारतात, त्यांनी आपल्या खासदाराच्या कार्यालयात फोन करावा आणि निधीचं नाव घेऊन विचारावं. पुढची सभा पुन्हा त्याच सभागृहात आहे. ते आजोबा येतील, आणि यावेळी तरी त्यांना काय सांगायचं ते माझं अजून ठरलेलं नाही.