दोन पुरुषांचं युगुलगीत, दुपारच्या प्रयोगात

शंभर-सव्वाशे खुर्च्यांचं छोटं थिएटर, दुपारचा प्रयोग आणि दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट सांगणारं म्युझिकल. अशा वेळी कान युगुलगीताकडे ठेवा. आमच्या मते सगळ्यात अवघड काम तिथेच असतं आणि प्रयोग खरा पारखला जातो तोही तिथेच.

स्त्री-पुरुष युगुलगीतात दोन आवाज साधारण एका सप्तकाच्या अंतराने लागतात. दोघं एकाच वेळी वेगवेगळे शब्द गायले तरी कानाला ते निवडता येतात. दोन पुरुष मात्र एकाच पट्टीत, एकाच सप्तकात गातात. मग एकाचे शब्द दुसऱ्याच्या शब्दांखाली दबतात. खालच्या पट्टीत षड्ज-गंधारासारखे जवळचे स्वर एकदम लागले की गाणं गढूळ होतं. हेच अंतर वरच्या पट्टीत गोड वाटतं. म्हणून जाणता संगीतकार एक आवाज टेनर (उंच पुरुषी आवाज) आणि दुसरा बॅरिटोन (त्याहून खालचा, भरदार) असा निवडतो. दोघांना बराच वेळ आळीपाळीने ओळी देतो आणि एकत्र आणलंच तर दोन सुरांत जास्त अंतर ठेवतो. दोघांचा अगदी एकच सूर तो शेवटच्या एखाद्या ओळीसाठी राखून ठेवतो. हा एकसूर पहिल्याच कडव्यात खर्ची पडला तर पुढे चढायला जागा उरत नाही. बरीच नवी म्युझिकल्स इथेच फसतात.

आणखी एक जागा आम्हाला फार आवडते. टेनर आणि बॅरिटोन असले तरी दोघांचा पल्ला बराचसा सामाईक असतो, त्यामुळे ते एकमेकांना ओलांडू शकतात. आतापर्यंत खालून साथ देणारा मधूनच वरचा सूर घेतो आणि नात्यातला तोल कुणाकडे झुकला, ते एकाही शब्दाविना कळतं. वर कोण आणि खाली कोण, एवढंच धरून ऐकलं तरी अर्धी गोष्ट हाती लागते.

अमेरिकन संगीतकार-गीतकार विल्यम फिन यांनी तर पुरुषाच्या त्या उसन्या वरच्या आवाजाला, फॉल्सेटोला, थेट शीर्षकातच बसवलं. ‘मार्च ऑफ द फॉल्सेटोज’ १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लेराइट्स होरायझन्स या छोट्या थिएटरात आलं. बायको-मुलाला सोडून प्रियकराबरोबर राहू लागलेल्या माणसाची ही एकअंकी गोष्ट. १९९० मध्ये ‘फॉल्सेटोलँड’ आलं. त्यात एड्सची साथ नुकती सुरू होतेय आणि त्या आजाराला अजून नावही नाही. १९९२ मध्ये हे दोन्ही भाग एकत्र होऊन ‘फॉल्सेटोज’ ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर गेलं. जवळजवळ सगळं नाटक गाण्यातच पुढे सरकतं, त्यामुळे शब्द हुकला की कथानकच हुकतं.

शब्द हुकण्याचं एक कारण अगदी साधं आहे. प्रेमात पडलेली माणसं एकमेकांकडे बघून गातात. स्वर चारी दिशांना पसरतो, पण स, श, ट, क यांसारखी तीक्ष्ण व्यंजनं तोंडाच्या रोखाने जातात. दोघं पूर्ण समोरासमोर उभे राहिले तर ती विंगेत जातात. यावर दिग्दर्शक दोघांनाही थोडं प्रेक्षकांकडे वळवून उभं करतो, किंवा एकाला दुसऱ्याच्या खांद्यामागून समोर बघत गायला लावतो. तिकीट काढताना तिसरी-चौथी रांग घ्या, मध्यापासून थोडी बाजूला, आणि वादक बसतात त्याच्या विरुद्ध अंगाला. पियानोच्या शेजारची खुर्ची बघायला झकास असते, पण तिथे गाण्याचे शब्द बुडतात. चारी बाजूंना प्रेक्षक असतील (‘फन होम’ हे म्युझिकल २०१५ मध्ये ब्रॉडवेवर असंच झालं) तर कुणाला ना कुणाला पाठ दिसणारच. अशा ठिकाणी नट सारखे जागा बदलत राहतात की नाही, ते बघा.

कॉलरमाईक किंवा कपाळावरचा माईक असेल तर मिठीचा क्षण नीट ऐका. दोघं जवळ आले की प्रत्येकाचा आवाज दोन्ही माईकमध्ये किंचित पुढेमागे शिरतो आणि डब्यात गायल्यासारखा पोकळ होतो. वर कपड्यांची खरखर. म्हणून ध्वनिसंयोजक मिठीच्या आधल्या शब्दावर एक माईक हळूच खाली घेतो आणि दोघं एकाच माईकवर गातात. मिठी सुटली की दुसरा परत वर. हे जमलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. छोट्या जागेत माईक नसलेलाच बरा, पण मग ड्रमवादकाला काठ्यांऐवजी तारांचे ब्रश वापरावे लागतात.

चुंबनाच्या वेळी प्रेक्षागृहात हशा पिकला, तर दर वेळी प्रेक्षकांनाच दोष देऊ नका. विनोदी गाण्याच्या टाळीवरच ते बसवलेलं असेल तर हसू रेंगाळलेलं असतं. मधे दोन-चार मात्रा रिकाम्या सोडल्या की तेच प्रेक्षक श्वास रोखून बघतात.

दुपारी पंधरा मिनिटं आधी आत जाऊन बसा. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना मंद प्रकाशातले चेहरे लगेच दिसत नाहीत. जाता जाता दारावरची सूचना वाचा. दिवसाला दोन प्रयोग असले की एखाद्या भूमिकेत बदली नट असू शकतो. तसं असेल तर पहिल्या एकलगीतातच त्याचा आवाज हलका आहे की भरदार, ते ओळखून ठेवा. युगुलगीत सुरू झाल्यावर कुठला सूर कुणाचा, हे शोधत बसावं लागणार नाही.